फरक पडला का?

आमच्या पिढीतल्या काही माणसांना एक वाईट खोड होती. घरात एखादं महागडं यंत्र आलं की ते चालू कसं करायचं याच्या आधी ते उघडायचं कसं हे बघायचं. खोकं बाजूला, माहितीपुस्तिका खोक्यातच, आणि यंत्र उताणं करून तळाचे स्क्रू शोधायला सुरुवात. वॉरंटीचं स्टिकर ज्या स्क्रूवर चिकटवलेलं असेल तो सगळ्यांत आधी काढायचा. त्यात जरा मर्दुमकी वाटायची. बरं, ही माणसं काही रेडिओ मेकॅनिक नव्हती. कोणी बँकेत, कोणी टेलिफोन खात्यात, एक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, एक दातांचे डॉक्टर. सगळ्यांची श्रद्धा मात्र एक होती, की सीडी प्लेअरच्या किंवा त्याला जोडलेल्या स्वतंत्र डॅकच्या, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांची विजेची लाट करणाऱ्या यंत्राच्या, पोटात याहून सुरेल आवाज दडलेला आहे, कंपनीने चार पैसे वाचवायला तो अडवून धरलाय, आणि पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तो सोडवून आणता येतो.

आता उघडायला स्क्रूच नसतात. फोनला हेडफोन जोडायचा वायरचा तुकडा मिळतो, त्याच्या टोकाच्या इवल्याशा प्लास्टिकमध्ये डॅक आणि ॲम्प दोन्ही बसलेले असतात. ॲपलने असा तुकडा अमेरिकेत ९ डॉलरला विकायला काढला. ज्यांनी तो यंत्रांवर लावून मोजला त्यांना त्यात नाव ठेवायला फारसं काही सापडलं नाही. आमच्या काळी दोन हातांनी उचलायचा प्लेअर ज्या आकड्यांची जाहिरात करायचा ते आकडे हा तुकडा खिशात घेऊन फिरतो. आम्हीही तो आणला, आणि सवयीने उलटा करून पाहिला. उलटी बाजू सुलटीसारखीच होती.

डॅकचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. सीडीवर गाणं नसतंच, आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठली तरी एक. या आकड्यांची पुन्हा विजेची लाट करायची आणि ती ॲम्पकडे पाठवायची, एवढंच. १९८२च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानच्या दुकानांत आला तेव्हा फिलिप्सकडे १४ बिटांचीच चिप होती. मग १९८५च्या सुमारास त्यांची १६ बिटांची टीडीए१५४१ आली आणि आमच्यासारख्यांना दैवत मिळालं. ते दैवत होतंही देखणं. १६ बिटांसाठी आत वाहणारे प्रवाह एकाला दोन, दोनाला चार अशा अगदी काटेकोर प्रमाणात लागतात, आणि इतकं काटेकोर सिलिकॉनवर छापता येत नव्हतं. फिलिप्सच्या रूडी व्हान डे प्लासे या अभियंत्याने सत्तरच्या दशकातच यावर तोडगा काढून ठेवला होता, की प्रवाह थोडे कमीजास्त असले तर असू देत, पण त्यांच्या जागा सतत अदलत-बदलत ठेवा. एकत्र कुटुंबात सुनांच्या स्वयंपाकाच्या पाळ्या लावतात, एकीच्या हाताला मीठ जास्त, दुसरीच्या कमी, पण महिन्याची सरासरी चोख, त्यातलाच प्रकार. या अदलाबदलीत जी बारीक खळबळ उठते ती निववायला चिपच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा छोटे कंडेन्सर बसवलेले असत.

आमचा हात पहिल्यांदा पडायचा तो या चौदांवर. कंपनीने लावलेले काढायचे आणि त्या जागी जर्मनीच्या विमाचे लाल चौकोनी लावायचे. चौदा कंडेन्सर म्हणजे अठ्ठावीस पाय, अठ्ठावीस डाग. जेवणाच्या टेबलावर शिळं वर्तमानपत्र अंथरायचं, प्लेअरचं झाकण काढून त्यात निघालेले स्क्रू ठेवायचे, शेजारी ओला स्पंज. आयर्नचं टोक स्पंजावर पुसलं की चर्र व्हायचं आणि राळेचा वास घरभर पसरायचा. जुना डाग वितळला की लगेच सकरचं बटण दाबायचं. अर्धा क्षण उशीर झाला तर डाग पुन्हा थिजायचा, अर्धा क्षण जास्त तापवलं तर पीसीबीवरचा तांब्याचा ट्रॅक सालीसारखा उचलून यायचा. पाय मोकळा झाला का हे चिमट्याने हळूच हलवून बघायचं. मग नवा कंडेन्सर, पाय वाकवून, पीसीबीला अगदी चिकटवून. पायाची लांबी जितकी कमी तितकं चांगलं, हे आमच्यातल्या कोणी तरी वाचलेलं असायचं आणि ते खरंही होतं. चांगला डाग ओळखायची खूण म्हणजे तो चकाकला पाहिजे आणि पायाशी आत वळलेला पाहिजे, टपोरा नको.

आता ती खूणही गेली. युरोपने २००६च्या जुलैपासून शिशाचं सोल्डर बंद केलं आणि हळूहळू सगळ्या जगाचे कारखाने बिनशिशाचं वापरायला लागले. आमचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, हे नवं २१७च्या पुढे. आणि त्याचा डाग मुळातच मळकट दिसतो. चांगला लागला तरी आमच्या डोळ्यांना कच्चाच वाटतो. शिवाय हल्लीच्या डॅक-चिपला दिसतील असे पाय नसतातच. नखाएवढा काळा चौकोन, कडेला केसाइतक्या बारीक खुणा आणि पोटाखाली एक पत्रा, जो यंत्राच्या भट्टीतच चिकटतो. यात वाईट काहीच नाही. भट्टी कंटाळत नाही, तिचे हात थरथरत नाहीत. आणि शिसं गेलं ते किती बरं झालं! आम्ही सोल्डरची तार दातांत धरून दोन्ही हात मोकळे करत होतो आणि काम अर्ध्यावर टाकून त्याच हातांनी बशीतला चिवडा खात होतो.

सामान आणायचं ते मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडवरून आणि पुणेकरांनी तपकीर गल्लीतून. लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने तिथे एकही आयसी कोणी मागितली नसेल. अरुंद दुकान, मागे छतापर्यंत प्लास्टिकचे खण, आणि कुठल्या खणात काय हे फक्त शेठच्या आणि त्यांच्या पोऱ्याच्या डोक्यात. संवाद ठरलेला.

"शेठ, एनई पंचावन्न चौतीस आहे?"

"ओरिजिनल पाहिजे की चालू?"

"फरक काय?"

"बारा रुपये."

एवढ्यावर आम्ही ओरिजिनल घ्यायचो. ती ओरिजिनल असायची का? शेठनाच ठाऊक. घरी आणून भिंगाखाली धरायची, अक्षरं सरळ छापलीयत का बघायचं, नखाने शाई खरवडते का बघायचं, आणि शेवटी शंभर टक्के खात्री नसतानाच लावायची. त्यातही शहाणपण असं, की चिप थेट पीसीबीला डाग द्यायची नाही. आधी आठ पायांचा बेस लावायचा आणि चिप त्यात खोचायची. एकदा बेस लागला की घरात अखंड यज्ञ सुरू. आज ही चिप, उद्या ती. त्यातली जी खरी भारी, बर-ब्राउनची ओपीए६२७, ती बाजारात मिळायची नाही आणि मिळाली तर परवडायची नाही. मग न्यू जर्सीच्या मावसभावाला सांगायचं. तो बिचारा आईसाठी गुडघ्याचा पट्टा, पोरांसाठी चॉकलेटं आणि आमच्यासाठी पेन्सिलीच्या डबीत चार काळे किडे असं घेऊन उतरायचा. प्राध्यापकांचा मार्ग वेगळा. चिपा बनवणाऱ्या अमेरिकन कंपन्या तेव्हा अभ्यासकांना नमुने फुकट पाठवत, आणि आमच्या प्राध्यापकांचा त्या काळात अभ्यास फार वाढला होता.

आता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मागवायचं, चौथ्या दिवशी दारात. बंद पाकीट, वर चिप कुठल्या आठवड्यात बनली त्याचा आकडा, आत ओलावा दाखवणारं कार्ड. शेठच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं ओळखायची गरजच नाही. अर्थात हे नव्या मालाचं झालं. जुन्या टीडीए१५४१ ए-ची एक निवडक आवृत्ती असायची, तिच्यावर मुकुटाची खूण. आज परदेशातून मागवलं तर हवे तितके मुकुट मिळतात. साध्या चिपची पाठ घासून त्यावर नवा मुकुट छापणारे कारागीर कुठे तरी बसलेले आहेत, आणि त्यांचं छपाईकाम आमच्या शेठच्या मालापेक्षा शतपटीने सुबक आहे.

आम्हाला हे सगळं करायचं बळ कुठून यायचं? एक तर झेरॉक्समधून. १९८०मध्ये अमेरिकेच्या 'ऑडिओ' मासिकात वॉल्टर युंग आणि रिचर्ड मार्श यांनी कंडेन्सर कसे निवडावेत यावर लेख लिहिला होता. तो आमच्यापर्यंत पोचेस्तोवर झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स झालेला, आलेख नुसते काळे डाग. तरी आम्ही तो पोथीसारखा वाचला. दुसरं बळ मॅरान्ट्झच्या केन इशिवातांचं. नव्वदच्या दशकात कंपनीनेच आपल्या सीडी-६३ची 'केआय सिग्नेचर' आवृत्ती काढली. तांब्याचा मुलामा दिलेली चौकट, मोठा ट्रान्सफॉर्मर, निवडक सुटे भाग, आणि वर माणसाची सही. म्हणजे खुद्द कंपनी म्हणत होती की आमचा साधा प्लेअर हात लावून सुधारतो. आमच्या बायकामुलांसमोर ठेवायला याहून मोठा पुरावा कोणता?

तिसरं बळ जपानमधून आलं, आणि ते सगळ्यांत घातक. १९९६-९७च्या सुमारास रिओहेई कुसुनोकी यांनी तिथल्या 'एमजे' मासिकात मांडलं की डॅकच्या आधी जो डिजिटल फिल्टर बसवतात तोच काढून टाका. फिलिप्सच्या प्लेअरमध्ये हा फिल्टर म्हणजे एसएए७२२० नावाची चोवीस पायांची चिप. ती ४४,१०० नमुन्यांचे चौपट करायची आणि हात लावला तर चटका बसेल इतकी तापायची. आम्ही ती उपटली, रिकाम्या भोकांत तारांचे पूल टाकले, आणि नमुने जसेच्या तसे डॅकला पाजले. आवाज मऊ झाला. गोड झाला. 'डिजिटल' कर्कशपणा गेला, तबकडीसारखा वाटायला लागला, असं आम्ही एकमेकांना फोन करून सांगितलं.

तो मऊ का झाला याचं गणित शाळेतल्या पोराला करता येईल. फिल्टर काढला की २० किलोहर्ट्झला आवाज साधारण ३ डेसिबलने पडतो. आम्ही वरच्या पट्टीला जरासं उतरवलं होतं, बास. टोन कंट्रोलची मूठ थोडी डावीकडे फिरवली असती तरी काम भागलं असतं. पण टोन कंट्रोल वापरणाऱ्याला आम्ही आमच्यात घेत नसू. आणि त्यातलाही मोठा विनोद असा, की आमच्यातल्या ज्येष्ठांना त्या वयात १२-१३ किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येत असेल याचीच शंका होती. आजच्या डॅकमध्ये मेनू उघडला की फिल्टरच्या सात-सात जाती असतात, आणि काहींमध्ये फिल्टर पूर्ण बंद करायचीही सोय असते. ज्याच्यासाठी आम्ही चोवीस पाय उपटले ते आता रिमोटचं एक बटण आहे. दाबा, ऐका, नाही आवडलं, परत दाबा. फारच सोयीचं. इतकं सोयीचं, की बहुतेकांनी ते एकदाही दाबून पाहिलेलं नसतं.

काम झालं की लगेच ऐकायचं नाही, हाही एक नियम. नवे कंडेन्सर 'उघडायला' वेळ लागतो. शंभर तास म्हणणारे होते, तीनशे म्हणणारे होते. तेवढे दिवस प्लेअर एकच सीडी फिरवत बसायचा, ॲम्प बंद, घरात चिडीचूप, आणि प्लेअरच्या खिडकीत मिनिटं-सेकंद धावतायत. पाहुणे विचारायचे, "काय लागलंय?" "भीमसेन." पाहुणे कान देऊन बसायचे, मग आमच्याकडे बघायचे, मग आमच्या सौभाग्यवतींकडे.

आणि मग बैठक. रात्री अकरानंतर, कारण तेव्हा रस्ता निजलेला आणि व्होल्टेज जाग्यावर. भारनियमनाच्या वर्षांत तर वीज कधी आहे हे बघून मुहूर्त निघायचा. जपानहून आणलेल्या प्लेअरला १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागे, तो खोलीत गुणगुणायचा, म्हणून त्याला न्हाणीघराच्या दारापर्यंत लांब वायरीने नेऊन ठेवलेलं. चालू करायचाही क्रम होता: आधी प्लेअर, मग डॅक, ॲम्प शेवटी. कारण आवाजात अडथळा नको म्हणून आम्ही म्यूटिंगचे ट्रान्झिस्टर कापून टाकलेले असत, आणि क्रम चुकला की स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज यायचा की खालच्या मजल्यावरचे आजोबा दचकून उठावेत. कंपनीने ते ट्रान्झिस्टर कशासाठी लावले होते, याचा उलगडा आम्हाला दर वेळी नव्याने व्हायचा.

ऐकायचं काय तेही ठरलेलं. किशोरीताईंचा तानपुरा, ताईंनी तोंड उघडायच्या आधीची ती अर्धी-पाऊण मिनिटं. जवारी सुटी होते का, चार तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का. मग तबल्याची शाई, मग एखादी जुनी चीज. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्यांवरून केलेली सीडीही आम्ही लावायचो आणि नव्या कंडेन्सरमुळे खाँसाहेबांच्या भोवतीची हवा कशी मोकळी झाली यावर बोलायचो. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांच्याभोवती जी हवा होती ती मेणात उतरलीच नव्हती. होती ती खरखर. पण खरखरीतही आम्हाला मजले दिसायचे.

तुकडा संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग घरमालक विचारायचा, "फरक पडला का?" आणि इथे आमच्या शास्त्रीय प्रयोगाचा घात व्हायचा, कारण पहिलं मत द्यायचा मान वयाने मोठ्या अण्णांचा. अण्णा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, "मोकळा झालाय." की झाला मोकळा! लगेच बँकवाल्यांना पडदा दूर झालेला दिसायचा, प्राध्यापकांना तबला दोन हात मागे सरकलेला. ज्या दिवशी अण्णा नुसतंच "हं" म्हणाले त्या दिवशी ते कंडेन्सर दुसऱ्या सकाळी निघाले. अण्णांच्या आधी बोलायची आणि अण्णांनंतर वेगळं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. डॉक्टर एकटे कधी कधी पुटपुटायचे की आवाज थोडा मोठा लागलाय बहुतेक. ते बरोबर असायचे. चिप किंवा रेझिस्टन्स बदलला की पातळी किंचित हलते, आणि अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दोन्ही पातळ्या मीटरने जुळवून मगच ताडायला हव्या होत्या. मीटर होतं. कपाटात होतं. डॉक्टरांना चहा दिला जायचा.

अमेरिकेत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी हे सगळं नीट केलं. भारी प्रतीचं ध्वनिमुद्रण एकदा थेट, एकदा मुद्दाम सीडीच्या १६ बिटांच्या दारातून काढून, कुठलं कोणतं ते न सांगता लोकांना ऐकवलं. २००७मध्ये त्यांचा निबंध ध्वनि-अभियंत्यांच्या मासिकात छापून आला. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. आमचे कंडेन्सर तर या फरकाच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही म्हणालो, त्यांचे स्पीकर बरोबर नसतील.

आताची मुलं आकड्यांवर चालतात. डॅक घ्यायच्या आधी त्याचा आलेख बघतात. गोंगाट आणि विकृती मिळून मूळ आवाजाच्या १२० डेसिबल खाली असेल तर उत्तम, ११० असेल तर ठीक. "काका, यातलं शेवटचं वीस डेसिबल वटवाघळालाही ऐकू येणार नाही," असं आमचाच पुतण्या सांगतो आणि तरी १२०वालाच घेतो. त्यांच्यातही देव आहेत. जपानच्या नोबेओका गावातला एकेएमचा चिपांचा कारखाना २०२०च्या ऑक्टोबरमध्ये जळला तेव्हा त्यांच्या चिपांचे भाव कडाडले, कंपन्यांना आपल्या डॅकचे नकाशे बदलून दुसऱ्या कंपनीची चिप बसवावी लागली, आणि ज्यांचा आलेखावर विश्वास होता तीच मंडळी म्हणायला लागली की छे, नव्या चिपला तो मखमलीपणा नाही. दोन्ही चिपांचे आलेख सारखेच सपाट. हे ऐकून आम्हाला जो आनंद झाला तो काही फारसा सज्जनपणाचा नव्हता.

पण त्यांचं खरं आहे, आणि आमचं खोटं होतं, हे मान्य करूनही एक गोष्ट त्यांच्या आलेखात मावत नाही. फरक पडला का, ही शंका होती म्हणून आम्ही तेच ते दोन मिनिटांचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकत होतो. त्या शंकेपायी आम्हाला कुठल्या समेआधी तबलजीच्या अंगठीचा टिक् वाजतो ते पाठ झालं. बाई षड्जावर यायच्या आधी श्वास कुठे घेतात, मागे कोणी तरी "क्या बात है" कुठे पुटपुटतं, हार्मोनिअमचा भाता कुठे करकरतो, सगळं पाठ. यातलं काहीच कंडेन्सरने आणलेलं नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून त्या सीडीवर होतंच, कंपनीच्या बारा रुपयांनी स्वस्त चिपमधूनही ऐकू येत होतं. आम्हालाच ऐकायला काही तरी निमित्त लागत होतं. पुतण्याच्या फोनवर कोट्यवधी गाणी आहेत आणि प्रत्येक सीडीइतक्या किंवा त्याहून भारी प्रतीची. तो खूप ऐकतो. धावताना, जेवताना, ऑफिसात, लोकलमध्ये; आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. तानपुरा सुरू झाला की तो पुढे सरकवतो, कारण गाणं अजून सुरू झालेलं नसतं.

तक्रार म्हणून सांगत नाही. त्याच्या डॅकबद्दल त्याला शंका नाही, मग त्याने तानपुऱ्याची चौकशी का करावी?

आमच्या हातून सुधारलेल्या यंत्रांचं काय झालं, हेही जाता जाता सांगायला हवं. त्यांना आता गिऱ्हाईक नाही. जुन्या फिलिप्स-मॅरान्ट्झ प्लेअरची हौस पुन्हा आली आहे, तरुण पोरं चांगले पैसे मोजतात, पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणी हात लावलेला नाही ना?" म्हणजे ज्यांनी आळसाने किंवा भीतीने झाकण उघडलं नाही त्यांचा माल मोलाने जातो, आणि आम्ही ज्याच्यावर रात्रीच्या रात्री घालवल्या तो 'सुट्या भागांसाठी' म्हणून काढावा लागतो. त्यातले विमाचे चौदा लाल कंडेन्सर काढून जुने परत लावता का, असंही एकाने विचारलं. जुने होते कुठे? ते त्याच रात्री वर्तमानपत्रासकट गुंडाळून फेकले होते.

फेकले नाहीत ते ब्लॅक गेट. रुबिकॉनचे हे काळे कंडेन्सर म्हणजे आमच्या जगातला कोहिनूर. २००६च्या सुमारास कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि बातमी कळताच आमच्यातल्या प्रत्येकाने ऐपतीच्या बाहेर जाऊन ते घेऊन ठेवले. लावले मात्र नाहीत. इतक्या उंची मालाच्या योग्यतेचा डॅक अजून हाती यायचा होता. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून, डब्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापरला नाही तरी आतून कमकुवत होत जातो, त्याच्या आतला ऑक्साइडचा थर विरतो, हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. अजून काही आशा असलीच तर मोठा रेझिस्टन्स लावून, व्होल्टेज कणाकणाने चढवत, दिवसभर बसून तो थर पुन्हा धरवावा लागतो, आणि मग किती धारकता उरलीय, किती गळती आहे ते मोजायचं. परवा सगळे जमले होते, तेव्हा हा विषय निघाला. प्राध्यापकांनी रीतसर तक्ता करायचं ठरवलं: कंडेन्सरचा क्रमांक, छापलेला आकडा, प्रत्यक्ष आकडा. मीटर कपाटातून निघालंही.

आयुष्यभर मोजा म्हणून पुटपुटणारे डॉक्टर या वेळी मोठ्याने म्हणाले, "मोजताय कसले? लावा, ऐकू."